वारशाने आलेले हृदय आणि लंडनच्या बसचा जिना

लंडनच्या दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देत जिना चढत-उतरत राही. वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होतो, हे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली 'लॅन्सेट'मधून दाखविले. पण धोका रक्तातूनच आला असेल तर? ब्रिटनमधील आपल्या दक्षिण आशियाई घरांत हा विकार गोऱ्यांपेक्षा अधिक आणि लवकर आढळतो, म्हणून हा प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचा.

२०१८ साली 'यूके बायोबँक'मधील सुमारे पाच लाख व्यक्तींची माहिती अभ्यासली गेली. जनुकीय धोका मोठा असलेल्यांतही, ज्यांची शारीरिक क्षमता उत्तम त्यांच्यात कोरोनरी हृदयविकार कमी क्षमतेच्या लोकांहून ४९ टक्क्यांनी कमी होता. त्यांत बहुसंख्य गोरे होते आणि हे केवळ निरीक्षण आहे, हेही ध्यानी असावे.

जन्माने ठरलेले भागधेय आम्ही समाजात नाकारले. 'वडिलांनाही होता' म्हणून शरीराबाबत मात्र ते निमूट स्वीकारतो! रविवारी वंदना, मग भोजन, आणि चालणे गाडीपर्यंतच.

आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालणे पुरे. घरात कोणास अकाली झटका आला असल्यास जीपींना तसे आवर्जून सांगावे. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयोगटाला, आधी हृदयविकार वा मधुमेह नसल्यास, एनएचएसची आरोग्य तपासणी दर पाच वर्षांनी मोफत मिळते.