पिझ्झ्याचा हिशेब

पीठ मळायचे, त्याची पोळी करायची आणि ती भाजायची, ही गोष्ट जगातल्या कितीतरी देशांत चालते. आपल्याकडे चपाती तव्यावर भाजतात, नान तंदूरमध्ये भाजतात. इटली देशात नेपल्स नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तेथे कणकेचा गोळा लाटण्याने न लाटता हाताने थापून पसरवतात. त्यावर टोमॅटोचा गर आणि चीज घालतात आणि तो कडक तापलेल्या भट्टीत सरकवतात. एक-दीड मिनिटात तो भाजून निघतो. हाच पिझ्झा.

एकेकाळी पिझ्झा हे नेपल्समधल्या गरीब कष्टकऱ्यांचे खाणे होते. थोडे पीठ, थोडा टोमॅटो, मिळाले तर थोडे चीज, एवढ्यावर माणसाचे पोट भरत असे. १८८९ साली राणी मार्गारिटा नेपल्सला आली, तेव्हा तिच्यासाठी टोमॅटो, पांढरे चीज आणि हिरवी पाने घालून पिझ्झा केला, असे सांगतात. मार्गारिटा हे नाव त्यावरून पडले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. नेपल्समधील पिझ्झा बनवण्याच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

कामधंद्याच्या शोधात इटलीतले लाखो लोक अमेरिकेत गेले. त्यांच्याबरोबर पिझ्झाही गेला. तेथे त्याचे रूप बदलले. पोळी जाड झाली, चीज वाढले, वर मांसाचे काप आले. मूळचा साधा पदार्थ बराच जड झाला.

पुढे अमेरिकेत एका नव्या प्रकारची दुकाने निघाली. सिअ‍ॅटल शहरात २००८ साली ‘मॉड पिझ्झा’ सुरू झाले. कॅलिफोर्नियात २०११ साली ‘पायऑलॉजी’ आणि २०१२ साली ‘ब्लेझ पिझ्झा’ ही दुकाने उघडली. या दुकानांत तयार पिझ्झाही मिळतो. पण त्यांची खरी ओळख वेगळी आहे. येथे गिऱ्हाईक आपला पिझ्झा स्वतः ठरवतो.

ही पद्धत कशी चालते ते पाहू. दुकानात शिरल्यावर एक लांब टेबल दिसते. त्यावर काच असते. काचेमागे भांड्यांची रांग असते. एका भांड्यात चिरलेला कांदा, दुसऱ्यात ढोबळी मिरची, तिसऱ्यात अळिंबी, पुढे टोमॅटो, पालक, अननसाचे तुकडे, चीजचे प्रकार आणि मांसाचे प्रकार. गिऱ्हाईक रांगेतून पुढे सरकतो आणि बोट दाखवून सांगतो, “हे घाला, ते नको, हे थोडे कमी.” पलीकडचा माणूस त्याप्रमाणे पोळीवर जिन्नस मांडतो. शेवटी पिझ्झा भट्टीत जातो आणि काही मिनिटांत हातात येतो. हा पिझ्झा साधारण ११ इंच व्यासाचा, एका माणसापुरता असतो.

असा पिझ्झा प्रकृतीला जास्त चांगला, असे पुष्कळ लोक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एक तर आपण काय खातो, ते डोळ्यांना दिसते. दुसरे म्हणजे नको असलेली वस्तू टाळता येते आणि हवी असलेली भाजी वाढवून घेता येते. तिसरे म्हणजे प्रमाणही सांगता येते. बंद खोक्यातून आलेल्या पिझ्झ्याला “चीज अर्धेच घाल” असे सांगता येत नाही.

पण येथे एक मेख आहे. यांपैकी अनेक दुकानांची रीत अशी, की जिन्नस दोन घ्या किंवा दहा घ्या, किंमत तीच. किंमत तीच म्हटल्यावर माणसाचा हात आखडत नाही. “पैसे तर दिलेच आहेत, मग हेही घाला आणि तेही घाला,” असे तो म्हणतो. दुकानाने निवड करण्याची मोकळीक दिली खरी. पण निवड चांगली की वाईट, हे गिऱ्हाइकावरच अवलंबून राहते.

आता थोडा हिशेब करू. अन्नापासून शरीराला जी शक्ती मिळते, ती उष्मांकांत मोजतात. त्यालाच कॅलरी म्हणतात. समजा, दोन मित्र एकाच दुकानात गेले. दोघांच्याही पोळीत १२० ग्रॅम मैदा आहे. त्याचे सुमारे ४३५ उष्मांक होतात. दोघांनीही टोमॅटोचा सॉस घेतला. त्याचे २५ धरू.

पहिल्याने ६० ग्रॅम चीज घेतले. त्याचे सुमारे १८० उष्मांक. कांदा, ढोबळी मिरची, अळिंबी आणि पालक मिळून १०० ग्रॅम भाजी घेतली. तिचे जेमतेम २५. वरून एक लहान चमचा तेल, त्याचे ४५. एकूण ७१० उष्मांक झाले.

दुसऱ्याने चीज दुप्पट, म्हणजे १२० ग्रॅम घेतले. त्याचे ३६०. पेपरोनी नावाचे मांसाचे काप ४० ग्रॅम घेतले. त्यांचे सुमारे २००. वरून तीन लहान चमचे तेल, त्याचे १३५. भाजी घेतलीच नाही. एकूण ११५५ उष्मांक झाले.

दोघांच्या पिझ्झ्यांत ४४५ उष्मांकांचा फरक पडला. म्हणजे दुसऱ्याने जणू आणखी एक अख्खी पोळी खाल्ली! दुकान एक, भट्टी एक, किंमतही एकच. फरक पडला तो केवळ निवडीमुळे.

असे का होते? एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम प्रथिनापासूनही तेवढेच मिळतात. एक ग्रॅम तेल, तूप किंवा चरबी यांपासून मात्र ९ उष्मांक मिळतात. चीज आणि पेपरोनी यांत चरबी पुष्कळ असते. भाजीत बहुतेक पाणीच असते. म्हणून मूठभर भाजी वाढवली तरी उष्मांक फारसे वाढत नाहीत आणि मूठभर चीज वाढवले की ते भराभर वाढतात.

याचा अर्थ चीज वाईट आणि उष्मांक म्हणजे शत्रू, असा मुळीच नाही. चीज दुधापासून होते. त्यातून प्रथिने आणि हाडांना लागणारे कॅल्शियम मिळते. तुमच्या वाढत्या वयात तर शरीराला शक्ती भरपूर लागते. उपाशी राहणे हा काही आरोग्याचा मार्ग नव्हे. पाहायचे ते इतकेच, की शक्तीबरोबर जीवनसत्त्वे, प्रथिने आणि तंतुमय पदार्थही पोटात जातात की नाही. पहिल्या मित्राच्या पिझ्झ्यात भाजी होती, दुसऱ्याच्या पिझ्झ्यात ती नव्हती. हा फरक उष्मांकांच्या फरकाइतकाच मोठा आहे.

आता पिझ्झ्याचा एकेक थर पाहू.

सर्वांत खाली पोळी. ती बहुधा मैद्याची असते. मैदा करताना गव्हाचा कोंडा काढून टाकतात. कोंड्याबरोबर तंतुमय भागही जातो. सबंध गव्हाच्या पिठाची पोळी मिळत असेल, तर ती चांगली. जाड पोळीपेक्षा पातळ पोळीत पीठ कमी लागते. काही दुकानांत ग्लुटेन नसलेली पोळीही मिळते. ग्लुटेन हे गव्हातले एक प्रथिन आहे. सीलिअ‍ॅक नावाचा आजार असलेल्यांना ते सोसत नाही. अशा लोकांसाठी ही पोळी गरजेची आहे. इतरांनी ती घेतली म्हणून उष्मांक कमी होतात असे नाही.

त्यावर सॉस. टोमॅटोचा सॉस हलका असतो. मलई घातलेला पांढरा सॉस जड असतो.

मग चीज आणि मांस. येथे उष्मांकांबरोबर मिठाकडेही लक्ष द्यायला हवे. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिझ्झ्यात मीठ चहूबाजूंनी येते. पोळीत मीठ, सॉसमध्ये मीठ, चीजमध्ये मीठ, ऑलिव्हच्या फळांत मीठ. खारवून टिकवलेल्या मांसात तर ते फारच असते. अशा टिकवलेल्या मांसाने कर्करोगाचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केले. त्यापेक्षा साधे भाजलेले कोंबडीचे तुकडे बरे.

काचेमागे सगळे जिन्नस शेजारी शेजारी असतात, हेही ध्यानात ठेवावे. पेपरोनी बहुधा डुकराच्या आणि गाईच्या मांसाची असते. कोणी डुकराचे मांस खात नाही, कोणी कसलेच मांस खात नाही, कोणाला एखादा पदार्थ बाधतो. अशा माणसाने नुसते “ते घालू नका” म्हणून भागत नाही. तोच सुरा, तीच फळी आणि तेच हातमोजे दुसऱ्या पिझ्झ्यासाठी वापरलेले असतात. म्हणून “हे मांस कशाचे आहे? सुरा वेगळा आहे का? हातमोजे बदलाल का?” असे स्पष्ट विचारावे. विचारण्यात लाज कसली? आपल्या पोटात काय जाते, हे जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

आकाराचा हिशेब तर तुम्ही भूमितीत शिकलाच आहात. १० इंची पिझ्झ्यापेक्षा १४ इंची पिझ्झा थोडासाच मोठा, असे वाटते. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर ठरते. १० इंची पिझ्झ्याची त्रिज्या ५ इंच, क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस इंच. १४ इंची पिझ्झ्याची त्रिज्या ७ इंच, क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस इंच. म्हणजे जवळजवळ दुप्पट! थोडे पैसे जास्त देऊन मोठा पिझ्झा घेतला, तर तो दोघांत वाटून खावा.

पिझ्झ्याबरोबर बहुतेक जण थंड पेय मागवतात. ३०० मिलिलिटर कोलामध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात लहान चमचे. पिझ्झा विचार करून निवडला आणि वर साखरेचे पाणी प्यायलो, तर काय साधले? साधे पाणी सर्वांत उत्तम.

हा सगळा हिशेब दुकानात उभे राहून कसा करायचा, असे तुम्ही विचाराल. यासाठी कायद्याची मदत मिळते. अमेरिकेत २० किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांच्या यादीत उष्मांक लिहावे लागतात. हा कायदा २०१० साली झाला आणि ७ मे २०१८ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आपल्या देशातही भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० साली असे नियम केले. १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी यादीत प्रत्येक पदार्थापुढे उष्मांक लिहावेत, असे ते नियम सांगतात. सर्वसाधारण प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २००० उष्मांक लागतात, असे धरले जाते. वय, उंची आणि काम यांप्रमाणे ही गरज कमीजास्त होते. दुसऱ्या मित्राचा पिझ्झा आता पुन्हा आठवा. दिवसभराच्या गरजेचा निम्म्याहून अधिक वाटा त्याने एका बैठकीत संपवला होता.

आकडे लिहिलेले असतात; पण ते वाचणारे डोळे हवेत. किमतीकडे सर्वांची नजर जाते, शेजारच्या आकड्याकडे थोड्यांचीच जाते.

आपल्या मर्जीप्रमाणे पदार्थ करून घेण्यासाठी अमेरिकेतच जायला हवे असे थोडेच आहे? आपला भेळवाला कितीतरी वर्षांपासून हेच विचारत आला आहे, “तिखट करू की गोड? कांदा घालू?” त्याच्यापुढेही डबे मांडलेले असतात. शेव कमी, कांदा-टोमॅटो जास्त, मोड आलेले मूग असतील तर एक मूठ, असे आपण त्याला सांगू शकतो. घरी आई ताटात वाढते, तेव्हाही कोशिंबीर बाजूला सारायची की आणखी मागायची, हे आपणच ठरवतो.

दुकान कोणतेही असो, काचेपलीकडचा माणूस विचारील, “आणखी काय घालू?” त्या वेळी पोटाला किती हवे याचा क्षणभर विचार करावा आणि “एवढे पुरे” म्हणायला संकोच करू नये.

स्वाध्याय

१. गिऱ्हाइकाने स्वतः ठरवलेला पिझ्झा प्रकृतीला चांगला, असे लोक का म्हणतात? तीन कारणे लिहा.
२. ‘किंमत तीच’ या रीतीमुळे गिऱ्हाईक काय करतो?
३. दोन मित्रांच्या पिझ्झ्यांतील उष्मांकांचा तक्ता तयार करा आणि फरक काढा.
४. ८ इंची आणि १२ इंची पिझ्झ्यांची क्षेत्रफळे काढा. मोठा पिझ्झा लहानाच्या किती पट आहे?
५. तुमच्या आवडीच्या भेळेत कोणते जिन्नस वाढवाल आणि कोणते कमी कराल? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.