तांब्याच्या जोडीचं भाडं
लेखमाला : घरापर्यंतची तार – भाग ६

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पत्र्याचा एक करडा डबा आहे. लाइनमन त्याला डीपी म्हणतात. झाकण उघडलं की आत एक पट्टी दिसते आणि तिच्यावर एकमेकींभोवती पीळ घातलेल्या तारांच्या जोड्या. एकेक तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. इथून केबल रस्त्यावरच्या पिलरकडे जाते, पिलरमधून जमिनीखालून एक्स्चेंजमध्ये पोचते आणि तिथे एमडीएफ नावाच्या उंच लोखंडी सांगाड्यावर प्रत्येक जोडीचं दुसरं टोक बसवलेलं असतं. एका घराला एक जोडी, तिच्यात दुसऱ्या घराचा वाटा नाही.

मागच्या भागात आपण पाहिलं, की बोलण्यासाठी या जोडीतली चार किलोहर्ट्झच्या आतली जागा पुरते. त्यावरची, सुमारे अकराशे किलोहर्ट्झपर्यंतची जागा एडीएसएल वापरतं. फोनवर बोलताना इंटरनेट तुटत नाही, ते त्यामुळेच. आता यातूनच निघणारा प्रश्न : ही वरची मोकळी जागा वापरायचा हक्क फक्त तार टाकणाऱ्या कंपनीचा, की ठरलेलं भाडं देईल त्या कुणाचाही?

प्रश्न पैशांचा आहे आणि खोदाईचाही. घरोघरी तार नेणं हे टेलिफोनच्या धंद्यातलं सगळ्यात खर्चिक काम. ते बहुतेक देशांत सरकारी खात्यांनी किंवा मक्तेदार कंपन्यांनी कित्येक दशकांत केलं. नव्या कंपनीला ब्रॉडबँड विकायचं तर तिने तेच रस्ते पुन्हा खणायचे का? त्यापेक्षा जुन्या कंपनीने आपली जोडी ठरावीक दराने भाड्याने द्यावी, हा विचार १९९० नंतर जगभर पुढे आला. भाड्याचे दोन प्रकार. एकात अख्खी जोडीच स्पर्धक घेतो, फोनसकट. दुसऱ्यात फोन जुन्या कंपनीकडेच राहतो आणि स्पर्धकाला फक्त वरची जागा मिळते. एक्स्चेंजमध्ये स्प्लिटर बसवायचा, एमडीएफवर जंपर बदलायचा, की आवाज एका कंपनीच्या यंत्राकडे आणि डेटा दुसरीच्या यंत्राकडे. काम काही मिनिटांचं. पण त्यासाठी स्पर्धकाचं यंत्र त्याच एक्स्चेंजमध्ये असायला हवं. म्हणजे त्याला जागा हवी, वीज हवी, दाराची किल्ली हवी आणि तिथून बाहेर पडायला फायबरही हवी. वर्तमानपत्रांत चर्चा होते ती भाड्याच्या दराची. खरी अडवणूक मात्र किल्लीपाशी होते, असं माझं ठाम मत आहे. जपानची गोष्ट त्यासाठीच सांगतो.

जपानमध्ये घरोघरच्या तारा एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या. नवा फोन घेताना ग्राहक बहात्तर हजार येन भरत असे, तारा टाकण्याच्या खर्चातला आपला वाटा म्हणून. तारांच्या मालकीवर वाद घालताना हा आकडा विसरून चालणार नाही. एनटीटीचा सगळा भर आयएसडीएन या डिजिटल फोनसेवेवर होता. त्याचा वेग ६४ किलोबिट. शिवाय जपानी आयएसडीएनची पद्धत अशी, की एकाच केबलमधल्या शेजारच्या जोडीवरच्या एडीएसएलला तिचा त्रास व्हायचा. एडीएसएल जपानला जमणारच नाही, असं म्हणायला एक तांत्रिक कारण आयतंच हाताशी होतं.

त्याला पहिलं उत्तर मिळालं ते नागानो प्रांतातल्या इना इथून. ग्रामीण भागात घोषणा आणि गावातल्या गावात बोलणं यासाठी तारांचं एक वेगळं जाळं होतं. १९९७ मध्ये काही उत्साही मंडळींनी त्या तारांवर डीएसएलचा (एडीएसएल हा त्याचाच एक प्रकार) प्रयोग केला आणि तो चालला. पुढे १९९९ मध्ये टोकियोत टोकियो मेटॅलिक नावाची छोटी कंपनी उभी राहिली. जपानीत तांब्याच्या लाइनला ‘मेटल’ म्हणतात, त्यावरून हे नाव. एनटीटीच्या एक्स्चेंजमध्ये शिरताना या छोट्या कंपन्यांची दमछाक झाली. अखेर डिसेंबर २००० मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने एनटीटी ईस्टला स्पर्धकांना अडवल्याबद्दल इशारा दिला. एक्स्चेंजमध्ये जागा देण्याचे नियम स्पष्ट झाले आणि नुसत्या वरच्या जागेचं भाडं महिन्याला दोनशे येनच्याही आत आलं.

मग मैदानात उतरले सॉफ्टबँक कंपनीचे प्रमुख मासायोशी सोन. त्यांनी टोकियो मेटॅलिक विकत घेतली आणि २००१ च्या उन्हाळ्यात याहू बीबीची घोषणा केली : आठ मेगाबिटचा वेग, महिन्याला २२८० येन, मोडेमचं भाडं वेगळं. आयएसडीएनच्या शंभरपटीहून जास्त वेग, तोही कमी पैशांत. लाखो अर्ज आले आणि जोडण्या रखडल्या. एक्स्चेंजला जोडणारी फायबर एनटीटीकडून मिळेना. सोन दूरसंचार सांभाळणाऱ्या मंत्रालयात गेले आणि लायटर द्या, इथेच पेट्रोल ओतून पेटवून घेतो, असं अधिकाऱ्यांना म्हणाले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे मुलाखतींत सांगितला. त्यानंतर वाट मोकळी झाली. एका अब्जाधीशालाही असं बोलावं लागलं, यावरून छोट्या कंपन्यांचे काय हाल झाले असतील याची कल्पना करा.

मार्च २००१ मध्ये जपानमध्ये डीएसएलची जोडणी सत्तर हजारांच्या आसपास घरांत होती. मार्च २००३ मध्ये हा आकडा सत्तर लाखांवर गेला. दोन वर्षांत शंभरपट! एनटीटीलाही दर उतरवावे लागले. रस्ते मात्र पुन्हा खणावे लागले नाहीत.

जुन्या कंपन्यांचा आक्षेप असा, की तार इतकी स्वस्त भाड्याने द्यायची सक्ती झाली, तर नवी फायबर टाकायला कोण पैसे घालेल? आक्षेप पोकळ नाही, अमेरिकेत त्यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. जपानचा अनुभव उलटा आहे. तिथे फायबर थांबली नाही. २००८ मध्ये फायबरचे ग्राहक डीएसएलपेक्षा जास्त झाले. वेगवान इंटरनेटची सवय लोकांना तांब्याने लावली आणि फायबरला ग्राहक तयार मिळाला.

आता आपल्याकडे येऊ. एप्रिल २००४ मध्ये, प्रदीप बैजल अध्यक्ष असताना, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने सरकारला शिफारस केली, की बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी आपल्या तांब्याच्या जोड्या इतर कंपन्यांना वापरू द्याव्यात. देशात अशा जोड्या चार कोटींच्या आसपास होत्या. दोन्ही कंपन्यांचा आणि त्यांच्या कामगार संघटनांचा याला विरोध होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी त्या तारा सांभाळल्या, त्यांना त्या परक्यांच्या हाती जातील अशी भीती वाटली. ती मी समजू शकतो. पण भाड्याने दिलेली तार मालकाचीच राहते आणि भाडंही त्यालाच मिळतं. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरून खरखरणाऱ्या केबल दुरुस्त करायला तो पैसा कामी आला असता. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं, त्यात ही सक्ती नव्हती. दोन्ही सरकारी कंपन्यांनी हवं तर फ्रँचायझी नेमावेत, एवढ्यावर ते थांबलं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली, मुंबईत एमटीएनएलची ट्रायबँड आली. ब्रॉडबँड म्हणजे २५६ किलोबिट, अशी धोरणाची व्याख्या होती. बाकीच्यांनी मग आपापली सोय केली. मुंबईत या गच्चीवरून त्या गच्चीवर लोंबणाऱ्या केबल आठवून पाहा. त्याच इमारतींच्या जिन्याखाली डीपीत धड जोड्या होत्या, पण त्यांच्या वरच्या जागेवर एकाच कंपनीचा हक्क होता.

सक्ती न करण्याचा तो निर्णय चुकला, असं मला वाटतं. २००४ च्या धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचं लक्ष्य ठेवलं होतं. २०१० संपताना ट्रायच्या नोंदीत ते एक कोटी दहा लाखांच्या आसपास होते.

(पुढच्या आठवड्यात : अमेरिकेतले कोर्टकज्जे)