टांकसाळीची डुलकी

पांढुर्ण्यात संत्री घेतली की परत आलेली चिल्लर आपण न बघताच खिशात टाकतो. एकदा बघा. रुपयावरच्या सालाखाली पत्त्यातल्या चौकटसारखी बारीक खूण असेल तर तो मुंबईत पाडलेला, चांदणी असेल तर हैदराबादेत, ठिपका असेल तर नोएडात. काहीच नसेल तर कोलकात्याचा. देशाच्या चारही टांकसाळी नागपूर-भोपाळ रस्त्यावरच्या या गावात एका मुठीत सापडतात!

आणि त्याच मुठीत, फार क्वचित, टांकसाळीची एखादी डुलकीही.

नाणं पाडायचं म्हणजे धातूच्या पट्ट्यातून कोऱ्या चकत्या कापायच्या, त्यांची कड दाबून उंचवायची, मग चकती कड्यात बसवून वरखालच्या ठशांचा दणका द्यायचा. मिनिटाला शेकडो दणके. बहुतेक चुका तिथंच निवडून वितळवतात. पण पट्टा पुढं सरकायला जरा उशीर झाला, की पुढची कापणी आधीच्या भोकावर चढते आणि चकतीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. असा रुपया कानस मारूनही करता येईल, म्हणून चाव्याच्या नेमकी समोरची कड पाहायची. कड उंचवताना एका बाजूला धातूच नसतो, त्यामुळं समोरच्या बाजूवर पुरता दाब येत नाही आणि तिथली कड पुसट राहते. कानस मारणाऱ्याला हे सहसा सुचत नाही.

मला सगळ्यांत नवल वाटतं ते 'लखी'चं. आपल्याकडचे संग्राहक हाच शब्द वापरतात. पाडलेलं नाणं कधीकधी ठशालाच चिकटून बसतं आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी तेच आदळतं. मग एका बाजूला नेहमीचं चित्र, दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोल रुतलेलं आणि आरशातल्यासारखं उलटं. सिंह आत गेलेले, अक्षरं उजवीकडून डावीकडे. एका नाण्यानं दुसऱ्यावर उमटवलेला ठसा!

घरबसल्या करायची परीक्षा याहून सोपी. छापा सरळ उभा धरा आणि वहीचं पान उलटावं तसं नाणं फिरवा. आपल्या नाण्यांवर काटाही सरळच उभा दिसायला हवा. तो किंचित कलला असेल तर सोडून द्या. पार आडवा किंवा डोक्यावर उभा असेल, तर ठसा सैल होऊन फिरला होता. ते नाणं जपा. शंका आली तर सोनाराचा काटा आहेच: 2011 च्या मालिकेतला ₹ चिन्हाचा रुपया 3.79 ग्रॅम, त्याच मालिकेतलं दोनचं नाणं 4.85 ग्रॅम. दोनचं चित्र रुपयाच्या चकतीवर पडलं असेल, तर वजन लगेच चुगली करतं.

रुळावर ठेवून चपटा केलेला रुपया मात्र चूक नव्हे, खोडी. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंचावलेली रेघ येते. खोल गेलेला ओरखडा बाजारातला.

दहाच्या नाण्याची वेगवेगळी चित्रं पाहून लोक ते खोटं समजतात. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्येच सांगितलं, की तोवर काढलेले 14 प्रकार सगळे चालतात. 2012 ची वैष्णोदेवीची नाणीही चुकलेली नाहीत, मुद्दाम काढलेली आहेत. त्यांना लाखो मिळतात ही अफवाच. कुणी रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांवर कमिशन मागितलं तर फोन ठेवा. असं काही आपण करत नाही, हे बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे.

तेव्हा सौसरच्या बसमध्ये सुट्टे मिळाले किंवा जामसावळीच्या निजलेल्या हनुमानापुढं नाणं ठेवायची वेळ आली, तर आधी ते एकदा उलटून बघा. चुकलेलं निघालं, तर कागदात गुंडाळून ठेवा आणि चिंच-मीठ लावून अजिबात घासू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत.