अब्बांचा तंबोरा आणि माझी घरगुती दुरुस्ती

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुट्टीत मी अब्बांचा तंबोरा कपाटावरून खाली उतरवला. अब्बांच्या इंतकालाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. तितकी वर्षे तो गवसणीत तसाच पडून होता. धाकटी लेक गाणे शिकायला जाऊ लागली होती आणि घरात तंबोरा असताना मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज का करायचा, असे मला वाटले.

गवसणी काढली तेव्हा जीव हळहळला. चारपैकी दोन तारा गंजून तुटलेल्या. एक खुंटी जागची हलेना, दुसरी हात लावताच गरकन फिरे. भोपळ्याला मागच्या बाजूने वीतभर लांब चीर गेलेली, आणि त्या चिरेच्या टोकाला नखाएवढा टवका उडालेला. टवका गवसणीच्या तळाशी सापडला. मी शाळेत मुलांना सांगत असते की, न समजता उत्तर लिहू नका. पण त्या दिवशी स्वतः नेमके तेच केले. मिक्सरचे झाकण चिकटवायला आणलेली, दोन मिनिटांत घट्ट बसणाऱ्या गोंदाची छोटी ट्यूब घेतली, चिरेत भरली आणि टवकाही बसवून टाकला. वर हात फिरवला तर छान गुळगुळीत लागले. स्वतःवर खूश झाले.

तारा मात्र मला बसवता येईनात, म्हणून मिरजेला गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून जवळच सतारमेकर गल्ली आहे. एका लहानशा दुकानात सत्तरीच्या घरातले एक चाचा भोपळ्याला कानस लावत बसले होते. त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, चिरेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघताच विचारले, "ये कौन चिपकाया?"

मी गप्प राहिले. ते काय ते समजले.

मग त्यांनी शांतपणे समजावले. जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात. सरस म्हणजे जनावरांच्या चामड्या-हाडांपासून काढलेला डिंक. ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनीही कारागीर सांधा उघडून आत काम करू शकतो. मी वापरलेला गोंद काचेसारखा कडक होतो आणि सुटत नाही. चीर नीट दाबून मिटवण्याआधीच त्याने तिच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या उंचीवर पक्क्या धरल्या होत्या. आता तेवढी पट्टी कापून काढणे आणि दुसऱ्या भोपळ्याचा तुकडा घडवून बसवणे एवढाच उपाय उरला होता. चीर जशी होती तशी आणली असती तर आतून कापडाची पट्टी लावून काम झाले असते. अब्बांनी तीस वर्षे मांडीवर घेतलेल्या भोपळ्याचा तेवढा तुकडा माझ्या हौसेने गेला. आजही तंबोरा उलटा केला की रंगातला फरक दिसतो.

तर ज्यांच्या घरी तंबोरा किंवा सतार आहे त्यांना माझे पहिले सांगणे हेच: भोपळा फुटला तर काहीही चिकटवू नका. तारा सैल करा म्हणजे ताण कमी होईल, उडालेले सगळे कपचे, अगदी बारीकसुद्धा, एका डबीत जमा करा, भोपळ्याभोवती मऊ ओढणी गुंडाळा आणि कारागिराकडे न्या.

या गल्लीविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. हे भोपळे आपल्या भाजीचे नव्हेत. ते कडू भोपळे असतात, जाड सालीचे, पंढरपूरकडच्या भीमाकाठच्या शेतांत पिकणारे. वेलीवर पक्के होऊन वाळले की मिरजेत येतात. पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात, आतला गर काढून आकार देतात. दांडी आणि तबली तूनच्या लाकडाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत या कामाची सुरुवात केली असे मानतात. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि चमक देणारे. मी उर्दू शिकवते, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही: अरबीत 'सैकल' म्हणजे चकाकी देणे. त्यावरून सैकलगर आणि आपल्या बोलीत शिकलगार. संस्थानांच्या शस्त्रांचे काम घटले तसे ते हात वाद्यांकडे वळले. पटवर्धनांच्या मिरजेत गवय्यांची वर्दळ होती, पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेबही इथेच राहिले. 1937 साली ते गेले आणि दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. खाँसाहेबांचा स्वतःचा हात वाद्ये दुरुस्त करण्यात आणि तंबोरे लावण्यात फार तयार होता असे जुने लोक सांगतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. चाचांना मी त्याबद्दल विचारले तर म्हणाले, कागद चांगला आहे, आता कानस धरायला पोरगे पाहिजे. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला आहे.

तंबोरा दोन आठवडे दुकानात राहिला. त्या काळात मी तीनदा मिरजेला गेले आणि घरी काय करावे हे त्यांच्याकडून शिकून घेतले.

खुंट्यांचे म्हणाल तर उपाय माझ्या पर्समध्येच होता. खुंटी घसरत असेल तर ती बाहेर काढून जिथे भोकाच्या कडेला घासते तिथे फळ्यावरचा कोरडा खडू चोळायचा, आणि फिरवताना आत दाबत फिरवायची. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि खुंटी अडकते. तेव्हा पक्कड लावून पिळू नये, दांडीच चिरते. तार काढून खुंटी पलीकडच्या बाजूने हलके ठोकून सैल करावी आणि कोरड्या साबणाची वडी एकदा फिरवावी. तेल कधीही नाही.

तारा एकेक करूनच बदलाव्यात. चारही एकदम काढल्या तर घोडी सरकते आणि ती पुन्हा नेमक्या जागी बसवणे आपले काम नाही. मधल्या जोडाच्या दोन तारा पोलादी, शेवटची खर्जाची पितळी. वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसाव्यात. बोटांच्या घामानेच त्या काळ्या पडतात. प्रवासाला निघताना तारा थोड्या उतरवाव्यात, आणि एसटीत तंबोरा वरच्या फळीवर कधीच ठेवू नये.

पुसण्याबद्दल एक खास सूचना. तंबोऱ्यावरचे पॉलिश लाखेचे असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच ते चढवतात. त्यामुळे स्पिरिट असलेली कोणतीही वस्तू ते पॉलिश पुन्हा विरघळवते. करोनाच्या दिवसांत हातांना लावायचे सॅनिटायझर वाद्यांनाही चोळून आणलेले कितीतरी तंबोरे दुकानात आले होते, डागाळलेले. ईदच्या दिवशी कपड्यांवर सेंटचा स्प्रे मारून लगेच तंबोरा मांडीवर घेऊ नये, तेही याच कारणाने.

ठेवायची जागा: खिडकीजवळ नको, पंख्याच्या सरळ झोतात नको, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकून तर मुळीच नको. आणि कपाटावर नको, हे मी काय सांगू! तिथे पत्र्याच्या छताची धग सगळ्यांत जास्त लागते. महिन्यातून एकदा गवसणी काढून खाली पांढरे चादरीचे तुकडे अंथरावेत. त्यावर पिठासारखी भुकटी पडली तर लाकडात कीड आहे असे समजावे.

आता जव्हारी. तंबोऱ्याचा सगळा जीव तिच्यात. घोडीची वरची पाठ अशा अंगाने उतरती घासलेली असते की तार तिला हलकेच घासत राहते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज उठतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवून ती जागा शोधायची. आधी खुंटीने सूर आणायचा, मग धागा पुढेमागे करायचा. तार एकदम "उघडते", कानाला लगेच कळते. राहिलेला बारीक फरक मण्याने काढायचा. मणी खाली सरकवला की सूर किंचित चढतो. एवढे घरी जमते, रोज केले तर महिन्याभरात जमते. पण वर्षानुवर्षे घासून घोडीवर तारांच्या खाचा पडतात, आणि मग धागा कितीही हलवा, आवाज बसकाच येतो. तेव्हा घोडी पुन्हा घासावी लागते. काच-कागद घेऊन ते काम घरी करू नका. चाचा दोनदा कानस फिरवत, तार चढवत, डोळे मिटून ऐकत, पुन्हा तार उतरवत. जोहरच्या अजानपर्यंत एका घोडीचे काम चालले. केसाएवढे जास्त घासले गेले तर घोडीच बदलावी लागते.

तंबोरा घरी आणायच्या दिवशी मी लेकीला घेऊन गेले. चाचांनी तिला सा लावायला सांगितला. तिचा सूर काळी चार. अब्बांचा तंबोरा मर्दानी, काळी एकला लागणारा. चाचांनी मान हलवली. एवढ्या वर ताणला तर तारा तुटतील, नाहीतर ताणाने तबली खचेल, म्हणाले. मुलीला लहान, जनानी तंबोरा पाहिजे. मला हे घरून निघण्यापूर्वी कुणाला तरी विचारता आले असते.

लेकीसाठी आम्ही दुकानातलाच एक जुना जनानी तंबोरा हप्त्याने घेतला. अब्बांचा तंबोरा आता कपाटावर नसतो, बैठकीच्या आतल्या कोपऱ्यात असतो. मला गाता येत नाही. पण रविवारी सकाळी, घर जागे व्हायच्या आत, मी तो काळी एकला लावते. पहिल्या महिन्यात अर्धा तास लागे, आता दहा मिनिटे पुरतात. भाईजान सुट्टीत आले की शेजारी बसतात, अब्बांसारखा घसा खाकरतात आणि एखादा सा लावून उठतात. या पावसाळ्यात पंचमाची तार पुन्हा बसकी वाजू लागली आहे. धागा सरकवून पाहिला, उपयोग झाला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला नेणार आहे.