चित्र कोणाचे? मागणीनुसार काम करणाऱ्या चित्रकाराचा व्यवसाय

दिवाळी अंक हाती घेताच वाचकाची दृष्टी प्रथम मुखपृष्ठावर स्थिरावते. कथेचे पान उघडल्यावर शीर्षकाशेजारचे रेखाचित्र तो क्षणभर न्याहाळतो आणि मग मजकुराकडे वळतो. लेखकाचे नाव त्याच्या स्मरणात राहते. चित्रकाराचे बहुधा राहत नाही. मराठी नियतकालिकांना मात्र या चित्रकारांवाचून आपले रूप कधीच लाभले नसते. त्यांतील बहुतेक जण कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या नोकरीत नसतात. संपादकाने, प्रकाशकाने वा जाहिरातदाराने मागणी करावी, चित्रकाराने ठरल्या मुदतीत चित्र द्यावे व त्याचे मानधन घ्यावे, असा हा स्वतंत्र व्यवसाय होय.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एका नव्या परंपरेचा प्रारंभ झाला. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला व छपाईसाठी चित्र काढण्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोमंतकीय चित्रकारांनी त्यानंतरच्या काळात मराठी मुखपृष्ठावर आपली मुद्रा उमटविली. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुळगावकरांनी रंगविलेली मुखपृष्ठे आणि त्यांची देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली. दलालांनी तर १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक सुरू केला. वसंत सरवटे यांचा मार्ग याहून निराळा. ते स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी करीत आणि चित्रे व व्यंगचित्रे काढीत. एकाने स्वतःच प्रकाशक व्हावे आणि दुसऱ्याने नोकरी सांभाळून चित्रे काढावीत, यातून या व्यवसायाच्या अर्थकारणाची थोडीफार कल्पना येते. केवळ मागणीच्या कामावर वर्षभराचा संसार चालविणे तेव्हाही सोपे नव्हते, आजही नाही.

कामाची पद्धत साधारणतः ठरलेली असते. संपादकाकडून कथा येते. चित्रकार ती वाचून दोन-तीन कच्ची रेखाटने करतो. त्यांपैकी एक पसंत पडले की पक्के चित्र तयार होते. शिळा आणि जस्ताचे ठसे यांच्या जमान्यात चित्र काळ्या शाईने, छापावयाच्या आकारापेक्षा मोठे काढीत. लहान करताना रेषा अधिक रेखीव दिसे. आता संगणकाच्या पडद्यावर काम होते आणि चित्राची प्रत क्षणार्धात मुद्रकाकडे जाते. सोय झाली खरी. परंतु त्यामुळे ‘जरा एवढे बदलून द्या’ ही सूचनाही क्षणार्धात येऊ लागली. किती वेळा बदल करून द्यावयाचे, हे आधी ठरलेले नसेल तर एका चित्राच्या मानधनात तीन चित्रांचे श्रम होतात. दिवाळी अंकांचे काम पावसाळ्याच्या उत्तरार्धात एकाच वेळी दाटीने येते. त्या घाईत अशा गोष्टी बोलावयाच्या राहून जातात. पाठ्यपुस्तके, बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक, बालपुस्तके व जाहिराती ही कामे वर्षाच्या इतर महिन्यांना आधार देतात.

खरा प्रश्न चित्र छापून आल्यावर उभा राहतो. कथेसाठी काढलेले चित्र पुढे पुस्तकाच्या वेष्टनावर आले, त्यानंतर दिनदर्शिकेवर आले, तर त्याचा मोबदला कोणाला? ‘पैसे दिले, चित्र आमचे’ ही प्रकाशकाची समजूत आणि ‘मी काढले, चित्र माझे’ ही चित्रकाराची समजूत, या दोन्ही अपुऱ्या आहेत.

१९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला अधिकारी सामान्यतः तिचा कर्ताच असतो. परंतु याच कलमात एक अपवाद आहे, तो तरुण चित्रकारांनी नीट वाचावा. एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगचित्र वा व्यक्तिचित्र काढले असेल आणि उलट करार नसेल, तर अधिकार काम सांगणाऱ्याकडे जातो. अधिनियमाच्या व्याख्येत रंगचित्र आणि रेखाचित्र यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. अपवादात मात्र रेखाचित्राचे नाव नाही. तेव्हा कथाचित्र यात मोडते की नाही, यावर वादाला जागा उरते. काम स्वीकारतानाच ‘अधिकार चित्रकाराकडे राहील, हे चित्र अमुक अंकात एकदा छापण्याची परवानगी देत आहे’ एवढे वाक्य पत्रात लिहिले, तर तो वाद उद्भवतच नाही.

अधिकार विकावयाचाच असेल तर कलम १९ लक्षात घ्यावे. हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मर्यादित राहतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे, अधिकार दिल्यानंतरही आपल्या नावाचा निर्देश व्हावा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड चित्रात होऊ नये, अशी मागणी कर्ता करू शकतो. नोंदणी सक्तीची नाही. संरक्षण कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. दलाल १९७१ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील अधिकार, तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे, २०३१ अखेरपर्यंत चालू राहील. चित्राचा मूळ कागद ही आणखी वेगळी वस्तू. छपाईनंतर तो परत मिळावा, हेही पत्रात नमूद करणे इष्ट.

राहिला थकलेल्या मानधनाचा प्रश्न. स्वतंत्र चित्रकार सेवा देणारा सूक्ष्म उपक्रम म्हणून ‘उद्यम’ या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करू शकतो. ही नोंदणी काम स्वीकारण्यापूर्वीच केलेली बरी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे देणे ठरलेल्या तारखेस द्यावे लागते, आणि ती तारीख काम स्वीकृत झाल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल तर ती १५ दिवसांची धरतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते, आणि राज्य शासनाने या अधिनियमाखाली स्थापन केलेल्या परिषदेकडे दाद मागता येते. तक्रारीसोबत काम सांगितल्याचे पत्र, चित्र पोहोचल्याचा पुरावा आणि देयकाची प्रत जोडावी.