घरबसल्या वाचा-उपचार

पक्षाघातानंतर अनेक रुग्णांची वाचा जाते. बुद्धी मात्र बहुधा शाबूत असते. या वाचाघातावर मुख्य उपाय म्हणजे नित्य सराव. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण यांच्या दोषांस वाहिलेली आहे. परंतु अर्धांग लुळे पडलेल्या रुग्णास पनवेलहून लोकलने तेथे वरचेवर नेणे किती कुटुंबांना झेपेल?

म्हणून तज्ज्ञाने रुग्णालयातून पाठ नेमून द्यावा व रुग्णाने तो घरी संगणकावर गिरवावा, अशी पद्धत आखली जाते. तीत चित्रे परक्या संचातील नसावीत; भाकरी, तांब्या, नातवाचे छायाचित्र असावे. उच्चाराचा नमुना मराठी असावा, ‘ळ’ स्पष्ट ऐकू येणारा. कळ डाव्या हातानेही दाबता यावी, कारण अशा रुग्णांचा बहुधा उजवा हात निकामी झालेला असतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, २७८ रुग्णांवरील ब्रिटिश अभ्यासात अशा स्वाध्यायाने सरावातले शब्द सुधारले; प्रत्यक्ष संभाषण मात्र सुधारले नाही. हिशेब पाहणाऱ्यास ही नोंद नजरेआड करता येत नाही. देणगीतून संगणक येईल; त्यासोबत तज्ज्ञाच्या वेतनाचीही तरतूद हवी. आणि रुग्ण शब्द शोधीत असता घरच्यांनी त्याचे वाक्य स्वतः पूर्ण न करता क्षणभर थांबावे, ही विनंती.