झरणी, शाई आणि सांगानेरचा कागद

माणसाच्या हौशींना अंत नाही. कोणी जुनी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे. आणि आपल्या आसपास अशीही काही मंडळी आहेत, की शाईच्या पेनाचा विषय निघाला म्हणजे त्यांना घड्याळाचे भान राहत नाही. बॉलपेन जगाच्या बाजारात आले ते १९४५ च्या सुमारास. त्याला आता आठ दशके झाली. घरोघरची पत्रे कमी झाली, दुकानांचे हिशेब यंत्रावर गेले, तरी खिशाला टोपणाचे पेन लावून हिंडणारा आणि बोटाला लागलेला निळा डाग कौतुकाने पाहणारा हा वर्ग काही नाहीसा झाला नाही. त्यात आता तरुण मुलामुलींचीही भर पडताना दिसते.

मराठीत या पेनाला काहींनी ‘झरणी’ असे गोड नाव दिले होते. बंगालीत त्याला ‘झरना कलम’ म्हणतात. दोन्ही नावांमागची कल्पना एकच: टाक दौतीत पुन्हा पुन्हा बुडवावा न लागता शाई आपणहून झरत राहावी. व्यवहारात मात्र ‘फाउंटन पेन’ हाच शब्द सर्वत्र रुळला.

आवडीची देवघेव

असे चार हौशी एकत्र बसले, की बैठकीची रीत बहुधा ठरलेली असते. प्रत्येक जण कापडी गुंडाळीतून आपली पेने बाहेर काढतो. एक वही मध्ये ठेवली जाते. जो तो आपल्या पेनाने तिच्यात एक-दोन ओळी लिहितो, खाली पेनाचे व शाईचे नाव नोंदवितो आणि वही पुढे सरकवितो. मग चर्चा रंगते. कोणाला केसासारखी बारीक रेघ हवी असते, तर कोणाला रुंद निबातून सांडणारी भरघोस शाई. कोणी एबोनाइटच्या जाड, हाताला उबदार लागणाऱ्या पेनावर लुब्ध असतो. कोणापाशी वडिलांनी पहिल्या पगारातून घेतलेले पेन असते. ते तो सर्वांना दाखवितो, पण कोणाला लिहू मात्र देत नाही.

शाईच्या रंगांनाही आपल्या समाजाने अर्थ देऊन ठेवले आहेत. गडद निळी शाई शाळेच्या वहीची, निळीकाळी कचेरीच्या गंभीर कागदांची, तांबडी मास्तरांची आणि हिरवी साहेबांची! हौशी मंडळी हे सारे संकेत आनंदाने मोडतात. जयपुरात बसून त्यांनी आणखी एका रंगाची फर्माईश केली तर नवल नाही. ज्या शहराला आपण ‘गुलाबी’ म्हणतो, त्याचा खरा रंग गेरूच्या जवळ जाणारा आहे. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी महाराजा सवाई रामसिंहांच्या कारकीर्दीत शहर या रंगाने रंगविले गेले, असे सांगतात. उतरत्या उन्हातला तो रंग बाटलीत भरता आला, तर कोणता शाईवेडा नको म्हणेल?

जयपूरचे महत्त्व

परंतु या शहराची आणि लेखणीची जवळीक केवळ रंगाची नव्हे. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीच्या राजवाड्यात पोथीखाना आहे. महाभारताचे जे फारसी भाषांतर अकबर बादशहाने करविले, त्या ‘रज्मनामा’ची सचित्र प्रत या संग्रहातली. जुन्या पोथ्यांची काळी शाई प्रायः काजळी आणि डिंक यांची असे. काजळी ही कोळशाचीच बारीक भुकटी; तिला उन्हाने उडून जाणे ठाऊक नाही. म्हणूनच शेकडो वर्षांमागची अक्षरे आजही ताजी दिसतात.

शहराच्या दक्षिणेस सांगानेर हे गाव आहे. ठशांच्या छपाईमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. पण तेथील कागझी घराण्यांनी कागदाची कलाही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. आमेरच्या राजा मानसिंहांच्या काळी, म्हणजे सोळाव्या शतकात, आपले पूर्वज या प्रांती आले अशी त्यांची परंपरा सांगते. येथला कागद मुख्यत्वे सुती कापडाच्या चिंध्यांचा. शिंप्याच्या कात्रीतून वाया गेलेले तुकडे निवडतात, बारीक कातरतात आणि पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदातल्या पाण्यात कालवून चौकटीच्या जाळीवर उचलतात. पाणी गळून गेले, की मागे ओला ताव उरतो. तो दाबून त्यातले पाणी काढतात, वाळवितात, त्याला खळ देतात आणि शेवटी गुळगुळीत करतात. एकही झाड न तोडता कागद तयार होतो!

शाईच्या पेनाचे खरे परीक्षण याच कागदावर होते. सुती धागा जात्याच पाणी पिणारा. कागदाला खळ कमी पडली असेल, तर रेघ ‘फुटते’, तिला केसाळ फाटे येतात, आणि शाई मागील बाजूस उतरते. खळ भरपूर असली आणि कागद नीट घोटला असला, तर शाई पृष्ठावर थांबते, सावकाश वाळते आणि एकाच अक्षरात गडद-फिकट छटा उमटतात. जुने कारागीर खळ दिलेला ताव अकिकाच्या गुळगुळीत दगडाने घोटीत; चित्रकाराच्या कुंचल्याला व लेखनिकाच्या बोरूला असाच कागद लागे. आजच्या हौशी ग्राहकाने विक्रेत्याला एवढेच विचारावे: ‘हा कागद शाईला चालेल का?’ आणि कोपऱ्यावर एक रेघ ओढून पाहावी. अशा चोखंदळ गिऱ्हाइकामुळेच कारागिराला चांगली खळ देण्याचे मोल मिळते.

वर्धा, राजमहेंद्री आणि पुन्हा जयपूर

सांगानेरलाच हातकागदाची राष्ट्रीय संस्था आहे. १९९० नंतरच्या दशकात स्थापन झालेल्या या संस्थेला जे. सी. कुमारप्पा यांचे नाव दिले आहे, आणि येथे कागदाची कथा पेनाच्या कथेला येऊन मिळते.

आपल्या नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी जेथे समुद्राच्या जवळ येते, त्या आंध्रातील राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम नावाचे एक कारागीर होते. स्वदेशीच्या चळवळीत गांधीजींनी त्यांना नित्य उपयोगाची एखादी वस्तू देशात बनविण्यास सुचविले. रत्नम यांनी फाउंटन पेन बनविण्याचे मनावर घेतले. त्या वेळी वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चालले होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाची धुरा कुमारप्पांकडे होती, आणि हातकागद हा मगनवाडीच्या प्रयोगांतला एक प्रमुख विषय होता. त्याच कुमारप्पांच्या हाती रत्नम यांचे पेन गांधीजींकडे पोहोचले. गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि जुलै १९३५ मध्ये पत्र पाठवून, बाजारातील परदेशी पेनांऐवजी ते चांगले चालेल, असा अभिप्राय कळविला. रत्नम यांच्या घराण्यात तो व्यवसाय पुढे चालत राहिला.

मुंबईतही अशीच धडपड चालली होती. १९३१ मध्ये गिरगावात दि. प. दांडेकर व त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी घोडा छाप शाईची पूड तयार करण्यास आरंभ केला. पुढे त्यांचीच उंट छाप शाई महाराष्ट्रातील शाळांच्या बाकांवर पोहोचली आणि ‘कॅम्लिन’ हे नाव मुलांच्या तोंडी बसले. २०११ मध्ये या कंपनीची मालकी मुख्यतः जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेली, तरी नावातला उंट कायम आहे.

बंगालच्या ‘सुलेखा’ शाईची कथा अधिक चटका लावणारी. १९३४ मध्ये मैत्र बंधूंनी राजशाही येथे तिचा आरंभ केला. पुढे कारखाना कलकत्त्यास आला आणि इतका नावारूपास चढला, की जादवपूर भागातला एक चौक आजही ‘सुलेखा’ याच नावाने ओळखला जातो. पण १९८० नंतरच्या दशकाअखेर हा कारखाना बंद पडला. चौकाला नाव उरले, शाई मात्र दुकानातून गेली. सुमारे दोन दशकांनी कारखान्याचे काम पुन्हा सुरू झाले आणि २०२० मध्ये पेनाची शाईही नव्या बाटल्यांतून परत आली. ती कोणी घेतली? ज्यांनी बॉलपेनाच्या राज्यातही आपली जुनी पेने धुऊनपुसून ठेवली होती, त्यांनी. चार जणांची हौस वरवर निरुद्योगी वाटते. पण एखाद्या धंद्याचा दिवा विझत असता तीच हाताचा आडोसा धरते.

राज्यघटनेची लेखणी

हाताने लिहिण्याचा याहून मोठा गौरव आपल्या देशाने एकदा केला आहे. भारताच्या राज्यघटनेची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नव्हे, तर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिलेली आहे. त्यांनी कामाचा मोबदला घेतला नाही. प्रत्येक पानावर आपले नाव असावे, एवढीच इच्छा दर्शविली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. पानांची सजावट नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या चित्रकारांत जयपूरचे कृपालसिंह शेखावत होते. निळ्या भांड्यांची जयपुरी कला पुढे त्यांनीच नव्याने नावारूपास आणली. ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, त्या समितीच्या परिश्रमांचे फळ असे हस्ताक्षरात उतरले. आणि स्वतः बाबासाहेबांना उत्तम फाउंटन पेनांची किती आवड होती, हे सर्वश्रुत आहे.

पेन चालते कसे?

एका भोकाच्या तेलाच्या डब्यातून तेल गचके देत बाहेर येते. दुसरे भोक पाडले, की धार नीट लागते. कारण उघड आहे. जेवढे तेल बाहेर जाईल, तेवढी हवा आत शिरली पाहिजे. पेनातही हेच घडते. निबाखालच्या जिभेवर बारीक खाचा असतात. त्यांतून शाई निबाकडे उतरते आणि तिची जागा घेण्यासाठी हवा वर जाते. हा मेळ व्यवहारात उत्तम साधणाऱ्या जिभेचे एकस्व अमेरिकेत लुई वॉटरमन यांना १८८४ मध्ये मिळाले. ड्रॉपरने भरावयाच्या पेनात शाई संपत आली, की हाताच्या उबेने आतील हवा फुगते आणि टपकन थेंब पडतो. शर्टाच्या खिशावरचे कित्येक डाग हे पेनाच्या नव्हे, तर आळसाच्या खात्यावर मांडावयास हवेत. अशा पेनात शाई थोडी उरताच ते पुन्हा भरावे.

बाकीची निगाही अवघड नाही. पेन रोज वापरावे. शाई बदलताना, आणि एरवीही काही आठवड्यांनी, ते साध्या थंड पाण्याने धुवावे. कढत पाणी व स्पिरिट टाळावे. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाई किंवा घरी केलेली काजळीची शाई झरणीत कदापि घालू नये. तिचे कण जिभेच्या खाचा बुजवितात. निब अडला तर दाबू नये, पाण्यात भिजत ठेवावा.

हौशी मंडळींमध्ये एक जुना वाद आहे: सुंदर पेन जपून ठेवावे, की वापरावे? जपणाऱ्याला ते तुटण्याची भीती असते. पण कपाटात शाईसकट पडलेले पेन आतल्या आत सुकते, त्याची रबरी नळी चिकट होते आणि काही वर्षांनी ते केवळ शोभेचे उरते. निबाच्या टोकावरील कठीण धातू मात्र लिहिण्याने सहसा लवकर झिजत नाही. तेव्हा वापर हाच पेनाचा खरा सांभाळ होय, असे म्हणावयास हरकत नाही. आणि जे पेनाचे, तेच कागदाचे व शाईचेही. सांगानेरचा ताव केवळ भेट म्हणून बांधून ठेवला, तर कागझी घराण्यातील मुलाने हौदात हात घालण्याचे शिक्षण का घ्यावे?

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांचे किंवा आजींचे एखादे पेन खणात पडून असेल. ते बाहेर काढावे, त्याचा निब रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा, आपल्याच देशात झालेली शाई त्यात भरावी आणि घरातील मुलांच्या हाती द्यावे. पहिल्या दिवशी बोटे रंगतील, वही बिघडेल, बिघडू द्यावी. आठ दिवसांनी त्या मुलाला परगावच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसास चार ओळींचे पत्र लिहावयास सांगावे. ते पत्र मिळणाऱ्याला अक्षर कसे आहे याची पर्वा नसेल. ते कोणाच्या हातचे आहे, हे तो पाहील.